फळ्याचा उजवा कोपरा

केतेन बेटावरच्या शाळेत मुलं नऊ,
वर्ग एक, बाई मी एकटी,
आणि एक लोखंडी चूल. हजेरीपटात तिचं नाव नाही,
पण ती पेटल्याशिवाय दिवस सुरू होत नाही.
प्रत्येकाने घरून एक लाकूड आणायचं.
दप्तर विसरलं तर चालतं.

फळ्याचा उजवा कोपरा बातम्यांचा.
नियम मुलांनीच केलेले:
बातमी बेटावरचीच हवी,
खरी हवी,
आणि शुक्रवारपर्यंत कुणी पुसायची नाही,
बाईंनीसुद्धा.

बेलार्मिनाच्या मेंढीला दोन कोकरं झाली,
धाकटं सध्या त्यांच्या स्वयंपाकघरात राहतं.
डार्विन नावेल्किनचा दात होडीत पडला
आणि होडीतून समुद्रात.
यास्नाची बातमी नेहमी बटाट्यांची:
जांभळे संपले, लांबट काळे उरले.
तिच्या काकाकडे बियाण्याच्या अठरा जाती,
सतरा तिला पाठ,
अठरावीचं नाव काकाच विसरलाय.

डाव्या बाजूला मी लिहिते
मुख्य भूमीवरून येतं ते.
तपासनीस गुरुवारी येणार.
वाऱ्यामुळे तपासनीस येणार नाहीत.
नवी पुस्तकं निघाली आहेत.
नवी पुस्तकं चुकून दुसऱ्याच बेटावर उतरली.

येर्को चिग्वाय, वय वर्षं सात.
बाप सामन माशांच्या जाळ्यांवर पाणबुड्या,
पंधरवड्यातून एकदा घरी.
मार्चमध्ये शाळा उघडल्यापासून
येर्कोची बातमी एकच: काही नाही.
सुबक अक्षरात, ओळ न सोडता, काही नाही.
मी मान्य केलं. तेही खरं होतं, बेटावरचंही होतं.
जूनमध्ये सलग अकरा दिवस पाऊस पडला
तेव्हा तर त्याच्याइतकं अचूक कुणीच लिहिलं नाही.

मग त्या मंगळवारी
त्याने स्टूल ओढलं, खडू मोडला,
उरलेल्या तुकड्याने लिहिलं:

काल रात्री शाळेत दिवा होता.
बाई चुलीपाशी बसल्या होत्या.
चूल विझलेली होती.

माझा हात डस्टरकडे गेला.
बेलार्मिनाने माझ्याकडे पाहिलं,
नऊ वर्षांची मुलगी
पण नजर अशी की हात जागच्या जागी थांबला.
डार्विन म्हणाला, ही काय बातमी आहे?
यास्ना म्हणाली, चूल विझली म्हणजे बातमीच.

मी वजाबाकी घेतली, हातच्याची.
एककाकडे पुरेसे नसले
तर दशकाकडून उसने मागायचे, मी सांगत होते,
लाजायचं नाही, शेजारीच तर आहे.
पाठीमागे ती तीन वाक्यं.

माझ्या हातात फोन होता, ते त्याने लिहिलं नव्हतं.
बेटावर रेंज फक्त या खिडकीशी येते,
आणि त्या रात्री ती आली होती
आणि पलीकडचं माणूस बराच वेळ बोललं होतं,
यातलंही काही नव्हतं.
त्याला दिसलं नसेल.
किंवा दिसलं असेल,
पण ते बेटावरचं नव्हतं,
नियमात बसलं नसेल.

बुधवारी प्रत्येकाने दोन दोन लाकडं आणली.
कुणी काही बोललं नाही,
चुलीमागे रचून ठेवली आणि आपापल्या जागी बसली.
डार्विनने तीन आणली, त्यातली दोन ओली.
असा धूर झाला
की खिडक्या उघडाव्या लागल्या,
आणि सगळा दिवस आम्ही कोट घालून
पाढे म्हणत खोकत होतो.
येर्कोने लिहिलं: धूर झाला.
त्याखाली, थोडा विचार करून: खूप.

शुक्रवारी फळा पुसायची पाळी माझी होती.
मी डावी बाजू पुसली.