माप

भांडुपच्या दुकानात चाळीस वर्षं
लोकांच्या कमरा मोजल्या.
माझ्या कमरेला डावीकडून नागीण निघाली,
वहिनीने गेरू लावला. म्हणाली,
तोंड-शेपूट भेटू देऊ नका.

रोज रात्री इंची टेप लावून
उरलेलं अंतर बघायचो.

सहाव्या दिवशी डॉक्टर मर्चंट चिडल्या:
ती एकाच अंगाला राहते हो, खैरनार.
लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना?
तोच भाडेकरू, मणक्यापाशी
पागडीने राहिलेला.
गोळ्या तीन दिवसांच्या आत हव्या होत्या.

फोड सुकले. आग राहिली.
सदरा नुसता टेकला तरी ओरडतो
मी, शिंपी.

काल हेमलताला लस टोचून आणली.
दंड ठणकतोय, म्हणत होती रात्रभर.
मी उघडाच बसून
ऐकत होतो. बरं वाटत होतं.