खळं

चॉकलेट अगर म्हणतात, पण त्यात चॉकलेट नसतं.
मेंढीचं रक्त असतं, तापवून तपकिरी केलेलं.
रक्समी हे दरवर्षी नव्या मुलांना सांगते,
तरी कुणीतरी कोऱ्या ताटलीचा वास घेऊन बघतंच.

ताटल्या बरणीत रचायच्या, वर मेणबत्ती पेटवायची,
झाकण घट्ट.
हवा सरत आली की ज्योत आपणहून मिटते.
या जंतूला असंच लागतं:
थोडं घुसमटलेलं घर, अंगाइतकी ऊब,
आणि कुणी कुणाला काही न विचारणं.

सकाळी ताटली उघडते.
औषधाची पांढरी चकती, भोवती स्वच्छ गोल,
चंद्राला पडतं तसं खळं.
तेवढ्यात काही उगवलेलं नाही.
ती पट्टी ठेवते, मिलिमीटर मोजते, वहीत लिहिते.

वही जुनी. आधीची पानं ता होंगच्या हातची.
पेनिसिलिनचा रकाना त्यांनीच उभी रेघ मारून बंद केला,
टेट्रासायक्लिनचाही.
सिप्रोच्या रकान्यात रक्समीचं अक्षर सुरू होतं:
सतरा, बारा, नऊ,
मग पानंच्या पानं सहा.
सहा म्हणजे चकतीचीच रुंदी.
खळं नाहीच.

आता एक इंजेक्शन उरलंय.
त्याचे आकडे अजून शहाण्यासारखे वागतात.
चाळीस. चाळीस. अडतीस. एकोणचाळीस. सदतीस.

आज चौतीस.
पट्टी उचलून पुन्हा ठेवली.
खिडकीशी नेली, एक डोळा मिटला.
चौतीस.
पस्तिसाला पास, काठावर का होईना.
हातात पेन्सिल आहे, खोडता येणारी.

बाहेर बाकावर नमुना क्रमांक एकशे बारा बसलाय.
नॉम पेनमध्ये टुकटुक चालवतो.
बाजारातून चार सुट्या गोळ्या घेतल्या होत्या त्यानं,
दोन खाल्ल्या, बरं वाटलं.
उरलेल्या दोन मित्राला दिल्या.
"तोही अडचणीत होता."

त्याला इतकंच विचारायचंय:
पाण्याच्या सणाला बायको येतेय, परवा,
शिवणकामाच्या कारखान्यातून, दोन वर्षांनी.
तोवर होईल ना?

रक्समी चौतीस लिहिते. पेनानं.
"नाही," म्हणते, "परवा नाही. आणि तिलाही घेऊन या."
तो चप्पल शोधू लागतो, पायातच असलेली.

"तो मित्र कुठंय?"
"तो? तो तर गेला. सीमेपलीकडे, मासेमारी बोटीवर."

वहीत याला रकाना नाही.
ती समासात लिहिते, बारीक अक्षरात:
मित्र. दोन गोळ्या. समुद्र.