सव्वासहाशे रेघा

रिवेरात माझं दुकान. समोरची बाग ओलांडली
की ब्राझील. मध्ये भिंत नाही, कुंपण नाही,
दोन झेंडे आणि एक चुरोवाल्याची गाडी.
साखर तिकडून येते, लोकर इकडून जाते,
भाषा तर आम्ही कधीच कालवून टाकली.
टीव्हीला तेवढं जमलं नाही.

इकडे पाल-एन : सव्वासहाशे रेघा, सेकंदाला पन्नास फेऱ्या.
तिकडे पाल-एम : सव्वापाचशे, साठ.
पलीकडचं चित्र इकडच्या खोक्यात यायचं कसंबसं,
रंग बागेतच थांबायचे.

जुलैच्या गारठ्यात डॉन एबारिस्तो आले,
ढकलगाडीवर वीस इंची टीव्ही,
त्यावर घोंगडी, जणू दवाखान्यात आणलाय.
नातवानं जुन्या कॅसेटी उतरवून दिल्या होत्या
पत्त्यांच्या कॅटाएवढ्या बोर्डावर
आणि नातू परत मोन्तेविदेओला.
"चालतंय सगळं, नेल्सी," ते म्हणाले, "फक्त बघून दे."

सीरियल केबल जोडली. कर्नल भडाभडा बोलू लागला :
मेमरी आहे, घड्याळ नाही, नेटवर्क नाही,
एचडीएमआयवर कुणी नाही.
एचडीएमआयचं बरं असतं, खोचली की
नाव, गाव, फळ, फूल, सगळं सांगून मोकळी.
ही पिवळी वायर मुकी.
पलीकडे कोण बसलंय, कुठल्या देशाचं,
ते आपणच बोर्डाला सांगायचं
आणि तो बिचारा ते खरं धरून चालतो.

त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं, म्हणून
कारखान्यातून शिकून आलेलं एनटीएससी बोलत होता.
चित्र उभं होतं, स्थिर, राखाडी.
"बरोबर आहे," डॉन म्हणाले. "असंच असतं ते."
मी म्हटलं, रंग नाहीत.
"नव्हतेच कधी."

मी फाइल उघडली. टीव्ही-मोड बरोबर पाल-एन.
पाचशे शहात्तर, पन्नास. पुन्हा बूट.
आणि चित्र घरंगळायला लागलं, वरून खाली, वरून खाली,
रहाटावरून सुटलेल्या दोरासारखं.
डॉन सवयीनं उठले, टीव्हीच्या मागे हात घातला,
एक बटण अंदाजानं जरासं पिळलं. चित्र थांबलं.
"तीस वर्षं हेच करतोय," म्हणाले.

मी टीव्ही फिरवला. पाठीवर झिजलेली पट्टी : मनाउस.
"सुल्मिरानं आणलेला. माहेरचा. रात्री, बागेतून,
ह्याच घोंगडीखाली." थोडं थांबून,
"कॅमेरा मात्र माझ्या भावाचा. इकडचा."

म्हणजे घरातल्या घरात सीमा होती.
तिचं खोकं, ह्यांच्या कॅसेटी,
आणि मध्ये पिळायचं एक बटण.

पाल-एम लिहिलं. चारशे ऐंशी, साठ.
बूट होईतो चाळीस सेकंद. मातेत गरम पाणी ओतलं.

मग अंगण. विटांचा लाल.
निखाऱ्यांवर कोकराची फासळी, धूर, कुणाची तरी मुलं,
आणि पाठमोरी सुल्मिरा, टेबलावर पाव मांडताना,
वळते, हसते, हातानं म्हणते, बंद कर रे ते.
झगा पिवळा.

"पिवळा?"

मी म्हटलं, टीव्हीच्या मते तरी.

"मी तिथेच होतो," डॉन म्हणाले. "निखारे सारत होतो.
हाताच्या अंतरावर."
माते त्यांच्या मुठीत निवत गेलं.

बऱ्याच वेळानं विचारलं,
आधीचं ते करडं, तेही ठेवता येतं का.
मी दोन्ही ओळी लिहून दिल्या.
एकीच्या आधी हॅशची खूण.
खूण असली की बोर्ड ती ओळ वाचत नाही,
पण ती पुसलेलीही नसते.
त्यांनी तीनदा काढून पाहिली सिगारेटच्या पाकिटावर,
दोन उभ्या, दोन आडव्या,
मेंढवाड्याच्या फाटकासारखी.

घोंगडी घातली, गाडी ढकलत निघाले.
पैसे द्यायचे राहिले, मीही आठवण केली नाही.
घर त्यांचं स्टेशनाकडे.
गाडी बागेच्या दिशेनं गेली.