निरभवणे, ठळक

दहीपुलाच्या उतारावर, भांड्यांच्या दुकानांमागे
एका शटरवर अजून आहे त्यांचा ळ.
'डाळ'मधला डा गंजून गेला,
ळ राहिला, दोन्ही गाठी अशा फुगलेल्या
की आत कुणी श्वास धरून बसलंय.
तिथून सुरुवात केली मी.

मग महिनाभर हिंडले फोटो काढत:
रविवार कारंजाजवळची 'चक्की चालू आहे',
ओझरच्या द्राक्षखोक्यांवरचं 'सांभाळून',
सातपूरला एका कंपनीच्या भिंतीवर नुसतं 'धोका'.
कंपनी बंद, धोका शाबूत.
आणि तीन पुरांत बुडून वर आलेलं
गोदाकाठचं 'येथे कपडे धुऊ नयेत',
ज्याच्या खालीच बायका चादरी पिळत होत्या.

संगणकाने विचारलं, कडा गुळगुळीत करू?
म्हटलं, थांब.
ती कड म्हणजे गिलाव्याची खरखर,
केस झडलेला आठ नंबरचा ब्रश,
रॉकेल जास्त पडलेला काळा,
आणि शिडी धरणाऱ्या पोराची जांभई.
सगळं राहू दे.

नाशिकरोडला नोटा छापतात,
केसाहून बारीक रेघा,
कुणाला नक्कल जमू नये म्हणून.
निरभवणे पेंटर हसले:
"माझी नक्कल तर मलाच जमत नाय."

पडद्यावर त्यांना 'काकडी' लिहून दाखवलं.
चष्मा कपाळावर, नाक काचेला.
"दोन्ही क सारखेच?
एका आईची पोरं तरी इतकी सारखी असतात का?"
मग क तीन काढले, र चार.
अ मात्र एकच. तो थोरला, म्हणाले,
त्याला भाऊ नको.

शेवटी उरला ङ.
पन्नास वर्षांत कुणी मागितलाच नव्हता.
एकदा एका मंडळाचा बोर्ड आला होता, 'वाङ्मय',
पण टिंब नेमकं कुठे द्यायचं
याची सेक्रेटरीलाच खात्री नव्हती,
म्हणून 'साहित्य' करून नेलं.

ब्याऐंशीव्या वर्षी, जुन्या पेपरावर,
डाव्या हाताने उजवं मनगट धरून
त्यांनी ड काढला,
थबकले,
आणि शेजारी टिंब टेकवलं
झोपलेल्या बाळाला तीट लावावी तसं.

कड फारच तुटकी आलीय.
शाई सुकली होती की हात,
मला सांगता येत नाही.
तसाच घेतला.

पूर्णविराम त्यांनी कधीच काढला नव्हता.
पाट्यांना लागत नाही, म्हणाले,
दुकान चालू असतं.
तो मी उचलला त्यांच्या उंबऱ्यावरून:
कधीचा तरी सांडलेला काळा थेंब,
अर्धा चपलेखाली आलेला.
बारीक छपाईत कळत नाही.
मोठा करून पाहा.