दहावं मिनिट

पहिला एम्युलेटर झटपट :
शिंक पुरी व्हायच्या आत खेळ उघडतो.
दुसऱ्याचे रंग इतके लख्ख
की हालिनाला लेशेकचा टीव्हीच आठवेना,
हिरव्याकडे झुकलेला, थाप मारली की सावरणारा.

तिसरा हट्टी.
कॅसेट अकरा मिनिटं किरकिरते,
कधी दहाव्यालाच अडते.
मूळ यंत्राच्या चुकाही
यात जशाच्या तशा, म्हणे.

बिदगोश्चची शेवटची ट्राम वळते,
खिडकीची काच थरथरते.
तेव्हा एवढ्यानंही टेप बिघडायची.
"गेलं! पुन्हा पहिल्यापासून,"
लेशेक म्हणायचा, आणि चहा टाकायचा.

भाच्याला ती पहिलाच पाठवते.
त्याला सकाळी शाळा आहे.

मग दिवा मालवून
तिसरा सुरू करते.
सात झाली.
आठ.