टिंब

आधी आठवडाभर शीतपेटीत, उणे तीसवर,
म्हणजे कागदातली कीड मरते.
मग पाकीट माझ्या टेबलावर येतं.

हे १९३८चं. शाळेच्या वहीच्या पानाची घडी,
आतून कुणाची तरी चुकलेली वजाबाकी
आणि लाल पेन्सिलीची फुली.
वर बाईंचं अक्षर, शाई तपकिरी पडलेली :
हिर्सिलाम्पी. चर्चमागची दफनभूमी.
ग्रॅनाइट, उत्तरेची बाजू.
गोळा केलं – इम्पी सालोकंगास.

रजिस्टरात शैवाक लिहायचं.
मी मनात दगडफूल म्हणते;
फूल नाही ते, ठाऊक आहे.
पिवळट हिरवं, काळ्या रेघांनी तुकडे पाडलेलं.
कपचीसकट काढावं लागतं, दगड सोडत नाही.
वर्षाला अर्धा मिलिमीटर सरकतं.
पुढे सरहद्द सरकली ती एका सहीनं,
हिर्सिलाम्पी पलीकडे राहिलं.
लोकांनी गायी तेवढ्या हाकत आणल्या.

मंगळवारी योएन्सूहून बसनं हेल्काबाई आल्या,
त्र्याण्णव वर्षांच्या, काखेत थर्मास.
दगडफुलाकडे त्यांनी पाहिलंही नाही.
म्हणाल्या, कडेनं दाखवा.

कडेला एक खळगा होता,
वाटाण्याएवढा, गोल.
सतरा वर्षं मी तो दगडाचा दोष समजत आले.

"पॅर्सिनेन. आजोबांचं आडनाव.
आमच्यात त्या अक्षरावर दोन टिंबं लागतात.
एक बाईंनी छिन्नीनं नेलं.
आई शेवटपर्यंत चिडलेली होती.
घर गेलं, गोठा गेला, त्याबद्दल चकार शब्द नाही.
टिंबाबद्दल मात्र दर नाताळला."

मी हातमोजे पुढे केले.
त्यांनी घातले नाहीत.
करंगळीचं टोक खळग्यात ठेवून बसल्या,
खिडकीबाहेर बर्फ उपसणारी गाडी
गल्लीच्या टोकाला जाऊन परत येईपर्यंत.

मग घडी उलगडून त्यांनी वजाबाकी पाहिली.
"ही माझी नाही," म्हणाल्या,
"माझी बरोबर यायची."
आणि कॉफी ओतली, थर्मासच्या झाकणात,
जिथे कॉफीला सक्त मनाई आहे तिथे.

त्या गेल्यावर नोंदीत एक ओळ वाढवली :
ग्रॅनाइट, सोबत एक टिंब.
पाकीट मिटण्याआधी
ते गणित मी करून पाहिलं.
मुलाचं फारसं चुकलं नव्हतं.
हातचा एक घेतलेला,
परत द्यायचा राहून गेला होता.