रताळी

संमेलन आमच्याच गावचं, मार्कंडेयच्या काठावरचं,
भाताची मळणी आटपली की जानेवारीत भरणारं.
खाली शाळेच्या सतरंज्या, माईक हायस्कूलच्या शिपायाच्या ताब्यात,
आणि तिसऱ्या सत्रात मी,
सोसायटीचा सेक्रेटरी, कवी,
युद्धावरची कविता घेऊन.

युद्ध मी पाहिलं होतं, तसं.
खताच्या कामाला बेळगावला जाताना
कॅम्पातल्या मैदानावर कोवळी पोरं
पेंढ्याच्या माणसाच्या पोटात संगीन खुपसून ओरडायची
आणि बस पुढे जायची.
तेवढ्या भांडवलावर मी लिहिलं होतं
बर्फावर फुललेल्या पळसाचं,
मृत्यूच्या पांढऱ्या घोड्याचं,
तोफांच्या गर्भातून जन्मणाऱ्या पहाटेचं.
टाळ्या पडल्या. पळसाला जास्त.

पुढच्या रांगेत सुभेदार भरमाण्णा तरळे.
त्यांनी टाळी वाजवली नाही, चहा संपवला.
नंतर मंडपामागे, उसाच्या बांधावर गाठलं मला.

"पळस बरा होता, सेक्रेटरी.
पण तिथं लाल काय दिसत नाही बघा.
घटकाभरात काळं पडतंय.
गुऱ्हाळात काकवी सांडून पायाला चिकटते, तसं.
घोडा मी बघितला नाही. खेचरं होती,
ती पण खालीच राहायची.
आणि पहाट म्हणाल तर
मेणबत्तीवर डबा धरून बर्फ वितळायचं,
पाणी झालं की पहाट झाली म्हणायचं."

मग बांधावर बसून त्यांनी बूट काढला, मोजा काढला.
उजव्या पायाला तीन बोटं.
"गेली ती दोन कशी दिसत होती सांगू?
रताळी. आपलीच, लाल मातीतली,
उकडून चुलीवर विसरलेली.
डॉक्टर कापत होता, आणि मला घरचा धूर आठवत होता.
हसू आलं की हो.
त्याला वाटलं, हे पोरगं बिघडलं."

मोजा चढवता चढवता आणखी एक सांगितलं:
पावशांचा यल्लोजी गेला त्या दिवशी
वरून टाकलेल्या रेशनच्या पोत्यात
ऑफिसचं परिपत्रक निघालं.
उन्हाळा तीव्र आहे. जवानांनी दुपारी सावलीत थांबावे.
पाणी भरपूर प्यावे.
नियमाप्रमाणे त्यांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं.
यल्लोजी तिथंच होता, ताडपत्रीखाली,
हवा सुधारायची वाट बघत,
नऊ दिवस, सावलीत.

मी म्हणालो, सुभेदार, कवितेत याला उपरोध म्हणतात.
"असेल," ते म्हणाले. "आम्ही सही करून फाईलला लावलं."

यल्लोजीचं नाव गावच्या कमानीवर आहे,
म्हणजे असावं.
तीन वर्षं झाली, त्यावर पोतं बांधलंय.
कुठली अक्षरं वर, कुठली खाली, किती इंच,
निकाल लागायचाय.
त्याची आई येता-जाता मान वर करून पोत्याकडे बघते.
तिला कुठलीच वाचता येत नाहीत.
सीमेवर गेला, सीमाभागात अडकला,
ही ओळ मला तिथंच सुचली, कमानीखाली,
म्हातारी शेजारी उभी असताना,
आणि मी खिशात पेन चाचपलं.
लाज वाटायला घरी पोचावं लागलं.

त्या रात्री पळस खोडला. घोडा सोडून दिला.
पहाटेच्या जागी मेणबत्ती आणि डबा.
शेवटाला रताळी.
पुढच्या वर्षी, दुसऱ्या गावच्या मंडपात,
लोक उठून उभे राहिले.
अध्यक्ष म्हणाले, प्रतिमा मातीतून आलीय.
शाल मिळाली, नारळ मिळाला.
माझं एक नखही गेलं नव्हतं.

सुभेदार आले नव्हते.
कुणीतरी सांगितलं असणार.
आठवड्याभरानं दारात अर्धं पोतं,
तोंडाला सुतळी, सुतळीला फौजेतली गाठ,
आत रुळाच्या कागदावर चिठ्ठी:
यंदा चांगली लागलीत. उकडून खावा.

गाठ मला सुटेना. विळीनं कापली.
बायकोनं उकडली, ताटात वाढली,
साल सोडवत म्हणाली, गोड आहेत की.
मी मीठ मागितलं.